सोयाबीनच्या वजनपावतीचे वेब ॲप तयार करताना

औसा तालुक्यातील आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचे गोदाम हंगामात जवळजवळ एकाच कामावर चालते. सभासदाने आणलेले सोयाबीन मोजायचे, ओलावा तपासायचा, भाव लावायचा आणि पावती द्यायची. हे सगळे कार्बन लावलेल्या पावतीपुस्तकावर आणि एका जाडजूड वहीवर चालत असे, आणि कंपनीचा हिशेब पाहणारा म्हणून त्या पावत्या रात्री एक्सेलमध्ये चढवण्याचे काम माझ्याकडे होते. काट्याजवळच नोंद व्हावी, पावती तिथेच छापली जावी आणि अध्यक्षांना लातूरच्या मोंढ्यात बसूनही दिवसभराची आवक मोबाइलवर दिसावी, एवढ्या गरजेपोटी मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत एक छोटे वेब ॲप लिहिले आणि भाड्याच्या सर्व्हरवर चढवले. कोड लिहायला लागला त्याहून जास्त वेळ वहीने कधी कोणाला विचारले नव्हते अशा प्रश्नांत गेला. वही लिहिणारा माणूस प्रसंग पाहून निर्णय घेतो आणि पुढच्या ओळीला लागतो; प्रोग्रामला मात्र तोच निर्णय आधी आणि नेमका सांगून ठेवावा लागतो.

पायथन निवडण्यामागे फार मोठा विचार नव्हता. एक्सेलच्या दोन फायलींतील तफावत शोधण्यासाठी ती भाषा मी आधीपासून वापरत होतो. वेब ॲपचा तयार सांगाडा म्हणून जँगो घ्यावे की फ्लास्क, यावर मात्र थोडा विचार केला. जँगो अमेरिकेतील कॅन्सस राज्यात लॉरेन्स येथील एका वृत्तपत्राच्या कचेरीत घडले आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. त्यात नोंदी भरण्याचे आणि दुरुस्त करण्याचे तयार पडदे मिळतात. आर्मिन रोनाखर यांनी २०१० मध्ये आणलेले फ्लास्क अगदी सुटसुटीत आहे; पत्ता आला की कोणते फंक्शन चालवायचे आणि कोणता साचा भरून परत पाठवायचा, एवढेच ते पाहते. मला हवी होती ती मोजकी पाने : प्रवेश, सभासदाचा शोध, नवी पावती, छपाई आणि दिवसाची आवक. त्यासाठी फ्लास्क पुरेसे होते. तक्ते वाढत गेले असते आणि चार प्रकारचे वापरकर्ते सांभाळायचे असते, तर मी जँगोच घेतले असते, कारण फ्लास्कमध्ये अशा गोष्टी एकेक करून स्वतःच जोडाव्या लागतात.

डेटाबेस म्हणून एसक्यूलाइट घेतला. डी. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये सुरू केलेला हा डेटाबेस पायथनसोबतच येतो, वेगळा सर्व्हर चालवावा लागत नाही आणि सगळा मजकूर एका फाइलीत राहतो. एका वेळी एकच जण त्यात लिहू शकतो, ही त्याची मर्यादा. पण आमच्याकडे काटाही एकच आहे. त्यात बारकावे आहेत, ते आधी वाचून घेतलेले बरे. एक म्हणजे दोन तक्त्यांतील नाते एसक्यूलाइट आपणहून तपासत नाही. दर जोडणीच्या वेळी तशी आज्ञा द्यावी लागते, नाहीतर अस्तित्वात नसलेल्या सभासदाच्या नावेही पावती फाडता येते. दुसरे म्हणजे त्यात पैशांसाठी योग्य असा नेमका दशांश प्रकार नाही. संगणक अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवतो, म्हणून पायथनला ०.१ अधिक ०.२ किती असे विचारले तर उत्तर ०.३०००००००००००००००४ येते. हिशेबाच्या कामात हे चालत नाही. त्यामुळे रक्कम पैशांत आणि वजन ग्रॅममध्ये, म्हणजे दोन्ही पूर्णांकांत ठेवले, आणि रुपये व क्विंटल फक्त पडद्यावर दाखवताना केले.

पहिला खरा प्रश्न पन्नास पैशांवरून उभा राहिला. सभासदाचे ६८७ किलो सोयाबीन आणि ४,३५० रुपये क्विंटल भाव धरला, तर रक्कम २९,८८४ रुपये ५० पैसे होते. वहीत हा आकडा २९,८८५ असा लिहिला जाई, कारण पन्नास पैसे झाले की रुपया धरायचा, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. पायथनचे पूर्णांकन करणारे राउंड फंक्शन मात्र २९,८८४ देते. नेमका अर्धा उरला की जवळची सम संख्या धरायची, असा त्याचा नियम आहे. हजारो संख्यांच्या बेरजेत चूक एकाच बाजूला साचू नये म्हणून तो केलेला आहे आणि आपल्या जागी तो योग्यही आहे. परंतु काट्याजवळ उभ्या असलेल्या सभासदाला संख्याशास्त्र सांगून चालत नाही. पायथनच्या डेसिमल नावाच्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे तयार कोडच्या संचात, अर्ध्याला वर नेण्याचा नियम स्पष्टपणे निवडता येतो, तो निवडला आणि पूर्णांकन एकदाच, अगदी शेवटच्या रकमेवर करायचे, असे लिहून ठेवले. हमाली वजा करण्याआधी एकदा आणि नंतर पुन्हा एकदा पूर्णांकन केले, तर एका रुपयाचा फरक पडतो आणि त्या एका रुपयापायी पावती आणि बँकेत जमा झालेली रक्कम जुळत नाही.

ओलाव्याच्या कटतीने, म्हणजे ओल्या मालाच्या वजनातून करायच्या कपातीने, तर संचालकांची बैठकच घ्यायला लावली. सोयाबीनचा भाव १२ टक्के ओलावा धरून असतो; परतीचा पाऊस लांबला की ऑक्टोबरात येणारा माल पंधरा, कधी त्याहूनही जास्त भरतो. वहीतील रिवाज असा, की बाराच्या वर जितके टक्के, तितके किलो दर क्विंटलमागे वजा. शास्त्रीय हिशेब थोडा वेगळा आहे. १५ टक्के ओलाव्याच्या शंभर किलोत कोरडा भाग ८५ किलो असतो. १२ टक्क्यांच्या मालात तो ८८ असायला हवा, म्हणून ८५ भागिले ८८ केले की ९६.५९ किलो उरतात, म्हणजे कटती ३ किलोऐवजी ३.४१ किलो होते. वीस क्विंटलच्या ट्रॉलीवर हा फरक आठ किलोंच्या पुढे जातो आणि त्या भावाने साडेतीनशे रुपये होतात. मी दोन्ही सूत्रे कोडमध्ये लिहून बैठकीत दाखवली. सगळ्यांत वडीलधारे संचालक, ज्यांना आम्ही आप्पा म्हणतो, त्यांनी कागद खाली ठेवून सांगितले, "तुमचं सूत्र बरोबर असंल, पण ट्रॉलीपाशी उभं राहून माणसाला तोंडी हिशेब लावता आला पाहिजे. टक्क्याला किलो, हे सगळ्यांला कळतं." ठराव तसाच झाला, आणि माझ्या मते तो योग्य होता. ज्याच्या मालातून कपात होते, त्याला ती पडताळता आली पाहिजे. कंपनीला त्यात बसणारी किंचित तोशीस ही सभासदांच्याच कंपनीची तोशीस आहे.

तरीही प्रश्न संपला नव्हता. ओलावा मोजण्याचे मीटर १३.४ असा आकडा दाखवते. वहीत त्याचे १३ होत, मापाडी त्या दिवशी कडक असला तर १४. प्रोग्रामला विचारल्याशिवाय राहवत नाही की या ०.४ चे काय करायचे. शेवटी दशांश जसा दिसेल तसा धरायचा आणि १३.४ ला क्विंटलमागे १ किलो ४०० ग्रॅम कटती लावायची, असे ठरले. मीटरवरचा आकडा पावतीवर छापायचा, हेही त्याच बैठकीत ठरले. कोडमध्ये ही सगळी मिळून चार ओळींची गोष्ट आहे. संचालकांच्या सह्या झालेला ठराव मात्र एक पान भरला, आणि मी तो कोडच्या फाइलीत त्या ओळींच्या वर टीप म्हणून जसाच्या तसा लिहून ठेवला.

भावाचेही असेच. भावाचा वेगळा तक्ता करून पावतीने त्यातून भाव वाचायचा, ही रचना सुबक दिसते, पण दुपारी भाव बदलला की सकाळच्या पावत्यांच्या रकमाही बदलून बसतील. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये असताना खुल्या बाजारातील भाव त्याच्या बरेच खाली होते आणि एका दिवसात दोनदा हलत होते. म्हणून पावती फाडताना लागलेला भाव आणि कटतीचा नियम त्या पावतीच्याच नोंदीत उतरवून ठेवला.

सभासदांची नावे शोधण्याचा भाग मी सोपा समजत होतो. एका गावात एकाच आडनावाची निम्मी घरे, त्यात चुलतभावांची नावे सारखी, आणि एकच नाव कधी ऱ्हस्व तर कधी दीर्घ लिहिलेले. शिवाय संगणकात अक्षरे साठवण्याच्या युनिकोड या पद्धतीत "ऱ" हे अक्षर दोन प्रकारे साठवता येते, एक संपूर्ण अक्षर म्हणून आणि दुसरे "र" खाली नुक्ता, म्हणजे टिंब, देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, शोधताना मात्र जुळत नाहीत. पायथनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलने साठवण्यापूर्वी सगळी नावे एकाच रूपात आणता येतात. तेवढे केले, पण ओळख नावावर ठेवलीच नाही; सभासद क्रमांक हीच ओळख. मोबाइलच्या मराठी कळफलकावरून कोणी क्रमांक देवनागरी अंकांत टाकला, तरी पायथन तो विनातक्रार संख्या म्हणून वाचतो. ही सोय मला फार आवडली, म्हणून आकड्यांसाठीही मी साधीच मजकुराची चौकट ठेवली आणि तपासणी पायथनकडे सोपवली.

तारखेचा घोळ रात्रीच्या ट्रॅक्टरांमुळे लक्षात आला. मळणी यंत्र रात्री उशिरापर्यंत चालते आणि तसाच माल थेट गोदामात येतो. सर्व्हरचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर असते, आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. त्यामुळे रात्री साडेबाराला फाडलेल्या पावतीवर आदल्या दिवसाची तारीख येते. वेळ डेटाबेसात जागतिकच ठेवून दाखवताना ती भारतीय करणे, हा रूढ उपाय आहे आणि त्यासाठी लागणारे झोनइन्फो हे मॉड्यूल पायथनच्या ३.९ या आवृत्तीपासून सोबतच मिळते. पण यातूनही गोदामाचा प्रश्न निघालाच. रात्री साडेबाराची आवक कोणत्या दिवसाची धरायची? हमालांची मजुरी पाळीनुसार ठरते, बँकेचा हिशेब तारखेनुसार. पावतीवर खरी तारीख आणि वेळ छापायची आणि हजेरीसाठी पाळीचा वेगळा रकाना ठेवायचा, असे केले.

वहीत चुकलेली ओळ एका रेघेने खोडतात आणि शेजारी सही करतात. खोडलेले वाचता येते. डेटाबेसातील नोंद पुसली की तिचा मागमूस राहत नाही, आणि लेखापरीक्षकाला नेमके तेच चालत नाही. त्यामुळे आमच्या ॲपमध्ये पुसण्याचे बटणच नाही. पावती रद्द करता येते, कारण लिहावे लागते, कोणी आणि केव्हा रद्द केली ते राहते आणि तिचा क्रमांक दुसऱ्या कोणाला मिळत नाही.

गोदाम गावाबाहेर आहे आणि तिथे मोबाइलची रेंज येऊन-जाऊन असते. बटण दाबल्यावर पान हलले नाही की माणूस पुन्हा दाबतो, आणि एका ट्रॉलीच्या दोन पावत्या निघतात. उपाय म्हणून नव्या पावतीचे पान उघडताच सर्व्हर त्यात एक गुप्त, एकदाच वापरायची खूण घालून देतो. तीच खूण दुसऱ्यांदा आली तर नवी नोंद न करता आधीची पावतीच दाखवतो. खुणेच्या रकान्यावर अद्वितीयतेची अट घातलेली असल्यामुळे दोन विनंत्या अगदी एकदम आल्या तरी दुसरी डेटाबेसच नाकारतो. पाने हलकी राहावीत म्हणून बाहेरून येणारे फॉन्ट आणि जावास्क्रिप्टची मोठी ग्रंथालये टाळली. अँड्रॉइड फोनमध्ये देवनागरी अक्षरे असतातच.

माझ्या लॅपटॉपवर सगळे नीट चालू लागले, तेव्हा ते सर्व्हरवर चढवणे हे तासाभराचे काम आहे, असे कोणालाही वाटेल. फ्लास्कसोबत येणारा सर्व्हर सुरू करतानाच सांगतो की तो फक्त विकासासाठी आहे, प्रत्यक्ष वापरासाठी नाही. त्याचा डीबग, म्हणजे चुका शोधण्याचा, प्रकार तर सर्व्हरवर चालू ठेवूच नये, कारण त्रुटीच्या पानावरून थेट पायथनच्या आज्ञा चालवण्याची सोय त्यात असते. म्हणून मधे गनिकॉर्न, म्हणजे प्रत्यक्ष वापरात पायथनचे ॲप चालवणारा सर्व्हर, लागतो. वेब सर्व्हर आणि पायथनचा कोड यांनी एकमेकांशी कसे बोलावे, याचा डब्ल्यूएसजीआय नावाचा करार २००३ पासून आहे. तो पाळत असल्यामुळे गनिकॉर्न फ्लास्कलाही चालतो आणि जँगोलाही. त्याच्या पुढे एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर उभा करायचा. बाहेरची सगळी विनंती तो घेतो, चित्रे आणि सजावटीच्या फायली स्वतः देतो आणि उरलेले काम आत गनिकॉर्नकडे सोपवतो. गनिकॉर्न सर्व्हरच्या आतल्याच पत्त्यावर ऐकत असल्याने बाहेरून त्याच्यापर्यंत थेट पोचता येत नाही.

मुंबईतील डेटा सेंटरमधला, उबुंटू ही कार्यप्रणाली असलेला एक लहानसा आभासी सर्व्हर भाड्याने घेतला. त्यावर वेगळा वापरकर्ता, वेगळे आभासी वातावरण (या ॲपच्या पॅकेजेससाठी स्वतंत्र जागा) आणि लॅपटॉपवर असलेल्या आवृत्त्यांचीच यादी वाचून बसवलेली पॅकेजेस. गुप्त किल्ली आणि संकेतशब्द कोडमध्ये न ठेवता सर्व्हरवर कोडबाहेर नोंदवून तिथून वाचायचे. इथपर्यंत सरळ रस्ता होता. नंतर प्रवेश होई, आवक दिसे, पण नवी पावती जतन करताच त्रुटी येई : डेटाबेस फक्त वाचता येण्याजोगा आहे. फाइलीला लिहिण्याची परवानगी होती. एसक्यूलाइट लिहिताना त्या फाइलीशेजारी एक तात्पुरती फाइल तयार करतो, म्हणून ती फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे, त्या फोल्डरलाही लिहिण्याची परवानगी लागते. डेटाबेससाठी कोडपासून वेगळे फोल्डर करून ते त्या वापरकर्त्याच्या नावे केले आणि पावती जतन झाली.

एन्जिनएक्स "५०२ बॅड गेटवे" दाखवतो तेव्हा नवखा माणूस एन्जिनएक्सच्याच मागे लागतो. खरे तर हा आकडा सांगतो की दारावरचा पहारेकरी जागा आहे, घरातला माणूस उठत नाही. अशा वेळी गनिकॉर्नची नोंदवही उघडावी. बहुतेक वेळा कारण तिच्या शेवटच्या दहा ओळींतच सापडते. गनिकॉर्न पडला तर पुन्हा उठवणे आणि सर्व्हर बंद होऊन चालू झाला तर आपोआप सुरू करणे, हे काम सर्व्हरवरचे प्रोग्राम सुरू ठेवणाऱ्या सिस्टिमडीकडे दिले. गोदामातली लाइट गेली तरी सर्व्हरला फरक पडत नाही, पण सुरक्षेच्या अद्यतनांनंतर सर्व्हरही अधूनमधून बंद-चालू करावा लागतो, आणि त्या वेळी कोणी आठवण ठेवून आज्ञा देईल, यावर विसंबून राहता येत नाही.

पत्त्यासाठी कंपनीच्या नावाचे डोमेन होतेच. त्याची नोंद सर्व्हरकडे वळवली. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील मजकूर सांकेतिक करण्यासाठी लागणारे लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचे प्रमाणपत्र फुकट मिळते आणि ९० दिवस चालते, सर्टबॉट हा प्रोग्राम ते मुदतीआधी स्वतः नवे करून घेतो. हे वगळू नये, कारण त्याशिवाय मापाड्याचा संकेतशब्द वाटेत कोणालाही वाचता येतो.

छपाई वेगळ्याच कारणाने अडली. दुकानात बिल छापणारा स्वस्त थर्मल प्रिंटर मजकूर म्हणून पाठवलेली देवनागरी नीट छापत नाही. जोडाक्षरे आणि काना-मात्रा जुळवण्याचे काम त्याला येत नाही. तेच पान ब्राउझरमधून चित्राच्या रूपात पाठवले की उत्तम येते. पानाची रुंदी कागदाच्या पट्टीएवढी ठेवली, वजन आणि ओलावा मोठ्या अक्षरांत घेतले, आणि कटतीचा हिशेब एका ओळीत मांडला, म्हणजे आप्पांना हवी असलेली पडताळणी पावतीवरच होते.

डेटाबेसच्या राखीव प्रतीबाबत एक सावधगिरी सांगायलाच हवी. लिहिणे आणि वाचणे एकमेकांना अडवू नये म्हणून मी एसक्यूलाइटचा वॉल प्रकार चालू केला आहे. त्यात ताज्या नोंदी काही काळ शेजारच्या दुसऱ्या फाइलीत असतात, त्यामुळे फक्त मुख्य फाइल उचलून नेली तर दिवसातल्या शेवटच्या पावत्या तिच्यात नसण्याची शक्यता असते. एसक्यूलाइटची स्वतःची बॅकअप आज्ञा हे सगळे सांभाळून पूर्ण प्रत काढते. रोज रात्री ती चालते, प्रत औशाच्या कचेरीतील संगणकावर उतरते, आणि मी अधूनमधून ती प्रत लॅपटॉपवर उघडून त्या दिवसाची एकूण आवक वहीशी ताडून पाहतो.

वही अजून आहे, कारण रेंज गेली की पावतीपुस्तकच कामाला येते. त्या पावत्या नंतर ॲपमध्ये भरताना हस्तलिखित पावतीचा क्रमांक घालण्यासाठी रकाना दिला आहे आणि मूळ वेळही टाकता येते. सभासदांना वजनाचा एसएमएस जावा, ही मागणी आता पुढे आली आहे. पायथनमध्ये ते काम थोडक्या ओळींचे आहे, परंतु त्याआधी पाठवणाऱ्या संस्थेची आणि संदेशाच्या ठरावीक मजकुराची डीएलटी नोंदणी, म्हणजे दूरसंचार कंपन्यांच्या यंत्रणेत नोंद, करावी लागते. त्या मजकुरात ओलावा आधी लिहायचा की निव्वळ वजन, यावर संचालकांचे एकमत व्हायचे आहे. ते झाले की अर्ज भरीन.